पायवाटेच्या हिशोबात अर्धी फरशी कुठून आली?

रेघोटी

नमस्कार. घराच्या पायरीपासून झाडाखालच्या बाकापर्यंत फरशीची पायवाट करायची आहे. बाबा आता व्हीलचेअरवर असतात. पाऊस पडून गेला की पुढची छोटी चाकं मातीत रुततात आणि खुर्ची जागच्या जागी अडते. "बाक दिसतो रोज, पण तिथवर जाणं होत नाही," असं ते परवा सहज बोलून गेले. तक्रारीचा सूर नव्हता. मला मात्र ते लागलं. त्याच संध्याकाळी टेप घेऊन मी बाहेर पडले.

मापं देते. फरशी ३० बाय ३० सेंटीमीटर, जाडी ५. पायरीपासून ४.२ मीटर वाट सरळ, रुंदी तीन फरश्यांची म्हणजे ९० सेंटीमीटर. त्यापुढचे ३ मीटर वाट पंख्यासारखी उघडत जाते आणि बाकासमोरची शेवटची ओळ १२ फरश्यांची होते. एवढी रुंदी अशासाठी की खुर्ची पूर्ण वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते, आणि शेजारी दोघं-तिघं बसले तरी कुणाच्या पायावर चाक जाता कामा नये.

पंखा कसा उघडायचा हे मी जुन्या पुठ्ठ्याचे चौकोन कापून जमिनीवर मांडून पाहिलं. प्रत्येक ओळीत एकच फरशी वाढवायची आणि ती ओळ आधीच्या ओळीपेक्षा अर्ध्या फरशीने सरकवून सुरू करायची. मग दोन्ही बाजूंना १५-१५ सेंटीमीटर सारखं वाढतं, वाट कुठल्याही बाजूला कलत नाही, आणि उभे सांधे एकासमोर एक येत नाहीत. एकही फरशी कापावी लागत नाही. कडेला ज्या छोट्या पायऱ्या दिसतात त्यांत गवत लावणार आहे.

चौकोन मांडता मांडता लक्षात आलं, ही तर शाळेतली अंकगणिती श्रेढी. ३, ४, ५ असं करत १२. पहिलं पद ३, सामान्य फरक १. बेरजेचं सूत्र आठवलं: पहिलं पद अधिक शेवटचं पद, गुणिले पदांची संख्या, भागिले २. पदं किती? १२ − ३ = ९. म्हणून (३ + १२) × ९ ÷ २ = ६७.५.

अर्धी फरशी! माझ्या आराखड्यात कुठेच अर्धी फरशी नाही. कॅल्क्युलेटरवर तीनदा करून पाहिलं, तेच येतं. सरळ भागाची अडचण नाही, १४ ओळी गुणिले ३ म्हणजे ४२. पंख्यात काय चुकतंय ते सांगा.

दुसरा प्रश्न मजुरीचा. पैशांचे आकडे लिहीत नाही, ते जागेप्रमाणे बदलतात. एका फरशीची किंमत म्हणजे १ असं धरून लिहिते. सरळ भागाची मजुरी ठरली आहे, दर फरशीला अर्धा. पंख्यासाठी गवंड्याने दोन पर्याय दिलेत. एक, तिथेही दर फरशीला अर्धा. दोन, पंख्याच्या पहिल्या ओळीला १ आणि पुढच्या प्रत्येक ओळीला आधीच्यापेक्षा पाऊण जास्त. पहिल्या ओळीला दुसरा पर्याय स्वस्त दिसतो, कारण तीन फरश्यांचे पहिल्या पर्यायाने दीड होतात आणि दुसऱ्याने एकच. पण पुढचं नीट दिसत नाही.

तिसरा प्रश्न. एकाच रंगछटेच्या सध्या १०० फरश्याच मिळाल्यात, उरलेल्या नंतर येतील. ४२ सरळ भागात गेल्या की ५८ राहतात. त्यात पंख्याच्या किती पूर्ण ओळी होतील? ओळ अर्धवट सोडायची नाही. उघडी राहिलेली कड चाकाला धोक्याची आहे.


चौकटवही

रेघोटीताई, पुठ्ठ्यावर मांडून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. तेच चौकोन पुन्हा काढा आणि ओळी बोटांवर मोजा: ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, ११, १२. दहा भरतील. १२ मधून ३ वजा केल्यावर जे ९ येतात त्या ओळी नाहीत, त्या वाढी आहेत, एका ओळीतून पुढच्या ओळीत जातानाच्या. ओळी दहा, वाढी नऊ. म्हणून पदांची संख्या काढताना शेवटच्या पदातून पहिलं वजा करायचं, फरकाने भागायचं आणि त्यात १ मिळवायचा. खरं तर तुमच्या टेपनेच हे सांगितलं होतं. पंख्याची लांबी ३ मीटर आणि फरशी ३० सेंटीमीटरची, म्हणजे १० ओळी.

आता १५ × १० ÷ २ = ७५. सरळ भागाच्या ४२ धरून एकूण ११७ फरश्या.

अर्धी फरशी का आली हेही बघण्यासारखं आहे. पुठ्ठ्याचा दुसरा पंखा करा आणि उलटा फिरवून पहिल्याला जोडा. ३ शेजारी १२, ४ शेजारी ११, ५ शेजारी १०. प्रत्येक ओळ १५ ची झाली, दहा ओळींचा सरळ आयत तयार झाला, आणि पंखा म्हणजे त्याचा निम्मा. ओळींची संख्या सम असेल तर निम्मं करायला काहीच अडत नाही. विषम असेल तर अगदी मधली ओळ उलटवल्यावर स्वतःच्याच शेजारी येते, म्हणजे जोडीची बेरीज तिच्या दुप्पट, म्हणजे पुन्हा समच. तेव्हा पूर्ण फरश्यांच्या ओळी पूर्ण फरश्यांनी वाढत असतील तर बेरजेत अर्धी येऊच शकत नाही. तुमच्या सूत्रात शेवटची ओळ दहा ओळींच्या पंख्याची होती आणि संख्या नऊ ओळींच्या पंख्याची. नऊच ओळी असत्या तर शेवटची ११ ची झाली असती आणि उत्तर (३ + ११) × ९ ÷ २ = ६३.

तुमची चूक अर्ध्या फरशीमुळे उघडी पडली, पण दर वेळी असं होत नाही. शेवटची ओळ १३ ची असती तर याच चुकीने (३ + १३) × १० ÷ २ = ८० आलं असतं. स्वच्छ पूर्णांक, शंका घ्यायला जागाच नाही. खऱ्या फरश्या ८८. शेवटच्या दिवशी आठ फरश्या कमी पडल्या असत्या. म्हणून ओळींची संख्या नेहमी दोन वाटांनी काढावी, एकदा पदांवरून आणि एकदा लांबीवरून.

मजुरीचं. दोन्ही पर्याय श्रेढीच आहेत, शेजारी शेजारी लिहून बघा. पहिला: दीड, दोन, अडीच, तीन, साडेतीन. दुसरा: एक, पावणेदोन, अडीच, सव्वातीन, चार. तिसऱ्या ओळीला दोन्ही अडीच, बरोबरी झाली. पण बेरजेची बरोबरी तिथे होत नाही, ती पाचव्या ओळीला होते, दोन्हीकडे साडेबारा. कारण पाच ओळींची मधली ओळ तिसरी, आणि श्रेढीची बेरीज म्हणजे मधलं पद गुणिले पदांची संख्या. मधलं पद सारखं तर बेरीज सारखी. पाचापेक्षा कमी ओळी असत्या तर दुसरा पर्याय स्वस्त पडला असता. तुमच्या दहा ओळींना पहिला ३७.५ आणि दुसरा ४३.७५. पहिला घ्या. पहिल्या ओळीच्या दरावरून कधी ठरवू नका, वाढ किती आहे ते आधी विचारा.


रेघोटी

खूप आभार! पुठ्ठे उलटवून आयत केला आणि बाबांना दाखवला. ते बराच वेळ हातात धरून बघत होते. ओळी आणि वाढी हा फरक आता डोक्यात पक्का बसला.


दोरीखुंटी

हिशोब झाला आहे, आता दोन गोष्टी बांधकामाच्या बाजूने. वाटा मी स्वतः अंथरल्या आहेत, त्यामुळे हे मनगटांना माहीत आहे.

एक, फरश्यांचा ढीग कुठे उतरवणार? ३० × ३० × ५ ची काँक्रीटची फरशी साडेचार लिटर आकारमानाची असते, वजन अकरा किलोच्या आसपास. सगळ्या मिळून सव्वा टन. नीट न्यायची तर एका खेपेला एकच. म्हणजे ११७ खेपा, जाऊन-येऊन. माझ्या पहिल्या वाटेला मी सगळा ढीग पायरीशी उतरवून घेतला होता, कारण गाडी तिथे येत होती. सरळ भाग भराभर झाला. पुढे रुंद ओळी आल्या तेव्हा प्रत्येक फरशी सगळी वाट चालून न्यायची वेळ आली, आणि तिथेच सगळ्यांत जास्त फरश्या लागत होत्या. तिसऱ्या दिवशी माझ्या हातातून दोन निसटल्या. दोन्ही फुटल्या.

तुमच्या वाटेचं चालणं मोजून काढलं. ढीग पायरीशी असेल तर पहिली ओळ ३० सेंटीमीटरवर, दुसरी ६० वर, अंतरांचीही श्रेढीच. सरळ १४ ओळींत १ ते १४ ची बेरीज १०५, ओळीत तीन फरश्या, जाऊन-येऊन ६० सेंटीमीटर, म्हणून १८९ मीटर. पंख्यात मात्र अंतरही वाढतं आणि फरश्याही वाढतात. तिथे ओळीगणिक गुणून बेरीज केली तर ९२७ मीटर. एकूण १,११६ मीटर चालणं, त्यातलं निम्मं हातात अकरा किलो घेऊन. ढीग बाकाच्या टोकाला ठेवला तर तेच ६३९ मीटर.

याहून चांगली जागा आहे. ज्या ओळीच्या अलीकडे निम्म्या फरश्या आणि पलीकडे निम्म्या, त्या ओळीपाशी ढीग ठेवायचा. वाटेचा मध्य नव्हे, फरश्यांचा मध्य. वाटेचा मध्य बाराव्या ओळीला येतो, पण ५९ वी फरशी, म्हणजे ११७ ची अगदी मधली, अठराव्या ओळीत पडते. ढीग अठराव्या ओळीच्या बाजूला, गवतावर फळ्या टाकून. चालणं ४०८ मीटर. पायरीपाशी ढीग ठेवण्याच्या तुलनेत निम्म्याहून कमी. गाडी तिथवर येत नसेल तर फरश्या हातगाडीने एकदाच तिथे नेऊन ठेवा, तरी ते परवडतं.

दोन, सांधे. फरश्या एकमेकींना चिकटवून लावत नाहीत, मध्ये वाळूचा सांधा असतो. ४ मिलिमीटर धरला तर ओळी सुरू होण्याच्या जागा ०, ३०.४, ६०.८, ९१.२ अशा येतात, आणि चोविसावी ओळ ६९९.२ वर सुरू होऊन ७२९.२ ला संपते. म्हणजे वाट ७२० सेंटीमीटर नसून सव्वानऊ सेंटीमीटर जास्त. बाकाचे पाय रोवलेले असतील तर हे आधी बघा.

आणि दोरीवर खुणा करताना आधीच्या खुणेपासून ३०.४ मोजत पुढे जाऊ नका. दर खुणेला मिलिमीटरभर चूक झाली आणि ती एकाच बाजूला झाली तर शेवटी दोन-सव्वादोन सेंटीमीटर घसरते. प्रत्येक खूण शून्यापासूनच मोजा. विसाव्या ओळीची खूण म्हणजे १९ × ३०.४ = ५७७.६. इथेही ओळ विसावी आणि गुणायचं एकोणिसाने, तुमचाच तो १. दोरी ताणून दोन्ही टोकांना खुंट्या, सुरुवातीला गुण्या लावून काटकोन, आणि मग पहिली ओळ.


जुनीवही

१०० फरश्यांचा प्रश्न मागे राहिला, तो मी घेते. पंख्याची चालती बेरीज लिहीत जा: ३, ७, १२, १८, २५, ३३, ४२, ५२, ६३. तुमच्याकडे ५८ आहेत. आठ ओळी पूर्ण होतात, ५२ लागतात, ६ उरतात.

ओळी जास्त असतील तर चालती बेरीज कंटाळवाणी होते. बेरजेवरून पदांची संख्या काढण्याची रीत आर्यभटाने ४९९ साली आर्यभटीयाच्या गणितपादात दिली आहे. तुमच्या आकड्यांवर चालवून बघू. बेरीज ५८ गुणिले ८ गुणिले फरक १, झाले ४६४. पहिल्या पदाची दुप्पट ६, त्यातून फरक वजा केला की ५, त्याचा वर्ग २५. दोन्ही मिळून ४८९. वर्गमूळ २२.११. त्यातून पहिल्या पदाची दुप्पट वजा, १६.११. फरकाने भागलं, तेच राहिलं. १ मिळवून १७.११, त्याचं निम्मं ८.५६. पूर्ण ओळी ८. दीड हजार वर्षांपूर्वीची रीत आज तुमच्या अंगणात चालते, मला याचा मनापासून आनंद होतो.

आठव्या ओळीत १० फरश्या येतात. चौथ्या ते आठव्या ओळीपर्यंत दीड मीटर लांबी होते आणि तिथे कमीत कमी रुंदी सहा फरश्यांची, म्हणजे १.८ मीटर. बाबांची खुर्ची तेवढ्यात पूर्ण वळते. उरलेल्या फरश्या यायची वाट न बघता त्यांना तिथपर्यंत येता येईल. आठव्या ओळीच्या पुढे मात्र कडेला भराव चढवून सपाट करून घ्या.


रेघोटी

सहा फरश्या उरतील त्या पुढच्या ओळीसाठी ठेवते. मागवायच्या उरल्या १७, आणि एकूण ११७ च्या दहा टक्के फुटीसाठी म्हणून १२ जास्त. २९ सांगून टाकल्या.

एक नवी अडचण. काल गवंड्याने पाणसळ लावून पाहिली. सरळ भागात जमीन जवळपास सपाट आहे, पण पंखा सुरू होतो तिथून बाकाकडे उतार आहे. फरश्यांची वरची बाजू समतल ठेवायची तर खाली भराव लागेल, पंख्याच्या पहिल्या ओळीखाली ५ सेंटीमीटर आणि मग दर ओळीला १ सेंटीमीटर जास्त, शेवटच्या ओळीखाली १४. दोन्ही श्रेढीच, म्हणून मी दोन्हींची सरासरी घेतली. सरासरी रुंदी साडेसात फरश्या, सरासरी जाडी साडेनऊ, ओळी दहा. ७.५ × ९.५ × १० = ७१२.५. एका फरशीखाली १ सेंटीमीटर थर म्हणजे ९०० घन सेंटीमीटर, ०.९ लिटर. म्हणून ६४१ लिटर भराव. या वेळी ओळी दहाच धरल्या आहेत. बरोबर आहे ना?


ढाळ

ओळी बरोबर आहेत, पण भराव कमी पडेल. सरासरी गुणिले सरासरी इथे चालत नाही.

प्रत्येक ओळीचा गुणाकार वेगळा लिहा. ३ × ५ = १५, ४ × ६ = २४, ५ × ७ = ३५, आणि पुढे ४८, ६३, ८०, ९९, १२०, १४३, १६८. बेरीज ७९५. तुमच्या ७१२.५ पेक्षा ८२.५ जास्त. लिटरमध्ये साधारण ७१५, म्हणजे ७४ लिटरची तूट, १५ लिटरच्या जवळपास पाच बादल्या. तीही नेमकी बाकासमोर कमी पडली असती, जिथे खुर्ची उभी राहणार.

कारण तुमच्या वाटेतच दिसेल. रुंद ओळी आणि खोल ओळी त्याच आहेत. मोठ्याला मोठं भेटतं, लहानाला लहान. सरासरी काढताना ही जोडी तुटते. उतार उलटा असता, म्हणजे अरुंद टोकाला १४ आणि रुंद टोकाला ५, तर बेरीज ६३० झाली असती, सरासरीपेक्षा बरोबर तेवढ्याच ८२.५ ने कमी. तुम्ही भराव जास्त आणला असता.

श्रेढी गुणिले श्रेढी ही श्रेढी राहत नाही, हे एवढं लक्षात ठेवायचं. दोन श्रेढींची बेरीज मात्र श्रेढीच राहते. म्हणून प्रत्येक ओळीचा फरशीचा खर्च आणि मजुरी मिळवली तर सूत्र चालेल, रुंदी आणि खोली गुणली तर नाही. पण वरचे आकडे पुन्हा बघा. १५ वरून २४ म्हणजे ९ ने वाढ, मग ११, मग १३, १५, १७, शेवटी २५. वाढी स्वतः श्रेढीत आहेत. गुणाकार करताना एखादा आकडा चुकला तर या वाढींत तो लगेच उघडा पडतो. मी दर वेळी असाच ताळा करतो.

भराव एकदम टाकू नका. थरथराने टाका, प्रत्येक थर पाणी मारून ठोका. ठोकल्यावर तो दबतो, म्हणून ७१५ लिटर हे दबलेलं माप समजा आणि आणताना जास्त आणा. आणि वरची बाजू अगदी समतलही नको, पाणी साचेल. आडवा ढाळ मीटरला दीड सेंटीमीटर पुरे. त्याहून जास्त दिलात तर खुर्ची एका बाजूला ओढते आणि बाबांना सारखं एका हाताने सावरावं लागेल.


रेघोटी

वाट झाली. तुम्हा सगळ्यांना सांगायलाच हवं.

बाकाचे पाय पायरीपासून ७२५ सेंटीमीटरवर रोवलेले निघाले. दोरीखुंटीदादांचं वाचलं नसतं तर शेवटची ओळ तिथे बसलीच नसती. ४ ऐवजी २ मिलिमीटरचा सांधा ठेवला, तेवीस सांध्यांचे ४६ मिलिमीटर, वाट ७२४.६ ला संपली. चार मिलिमीटर मोकळे राहिले, तिथे वाळू भरली. दोरीवरच्या चोवीस खुणा मी शून्यापासून मोजून स्वतः केल्या, लाल शाईने.

ढीग अठराव्या ओळीपाशी लावला. गवंड्याला आधी ते विचित्र वाटलं, "वाटेच्या मधोमध तरी ठेवा," म्हणाला. मी कागदावर ४०८ आणि १,११६ दाखवले. दुसऱ्या दिवशी पंख्याच्या ओळी सुरू झाल्यावर त्यानेच मदतनिसाला कारण समजावून सांगितलं. मजुरी पहिल्या पर्यायाने ठरली. भराव ढाळदादांनी सांगितला तसा जास्तीच आणला, अगदी थोडा उरला, तो झाडाच्या आळ्याभोवती टाकला.

फरश्यांचा खर्च १२९, मजुरी ११७ चे निम्मे ५८.५, दोन्ही मिळून १८७.५ फरश्यांची किंमत. या वेळचा अर्धा खरा आहे. भराव आणि वाळू वेगळी. १२९ पैकी ५ फुटल्या, ७ उरल्या, त्या भिंतीला लावून ठेवल्यात.

पहिल्या १०० फरश्यांत बाविसाव्या ओळीपर्यंत वाट झाली होती तेव्हाच बाबा एकदा येऊन गेले. तिथे त्यांनी खुर्ची एकट्याने पूर्ण फिरवली, एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून. काल सगळी वाट झाल्यावर म्हणाले, ढकलू नकोस, मी येतो. मी बाकावर जाऊन बसले. मोठं चाक प्रत्येक सांध्यावरून जाताना हलकंसं खट् वाजतं. ते सावकाश येत होते आणि ओठ हलत होते. बाकापाशी पोचल्यावर ब्रेक लावला आणि म्हणाले, "तेवीस वाजले. म्हणजे ओळी चोवीस ना?"